दाखल्यांची गोटमार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातील पांढुर्णा गावी जाम नदीच्या दोन्ही काठांवर माणसे उभी राहतात आणि एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये प्रवाहात रोवलेले पळसाचे झाड. या गोटमारीची आख्यायिका सर्वश्रुत आहे. एका काठच्या तरुणाने दुसऱ्या काठच्या मुलीला घेऊन नदी ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि भर प्रवाहात त्या दोघांवर दोन्ही बाजूंनी दगड पडू लागले. या प्रथेपायी आजवर अनेकांचे डोके फुटले, काहींचे प्राणही गेले, आणि ती थांबावी म्हणून शासनाने केलेले प्रयत्न निष्फळ ठरले. परंतु आज आम्हाला त्या वार्षिक गोटमारीविषयी लिहावयाचे नाही. त्याच भूमीत वर्षाचे बाराही महिने चाललेल्या, रक्त न सांडणाऱ्या आणि म्हणूनच वृत्तपत्रांच्या रकान्यांत न येणाऱ्या एका दुसऱ्या गोटमारीविषयी लिहावयाचे आहे. तेथेही कोणीतरी काठ ओलांडू पाहतो. तेथेही दोन्ही बाजूंनी मारा होतो. फरक इतकाच की मारा कागदांचा असतो आणि ओलांडणारे असते शाळेत जाणारे मूल.

हा प्रश्न आहे अधिवासाच्या दाखल्याचा. 'तू कोणत्या राज्याचा?' हा प्रश्न पणजीत किंवा पुण्यात बसलेल्या माणसाला निरर्थक वाटेल. सौसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांत मात्र त्याच्या उत्तरावर मुलाची फी ठरते, शिष्यवृत्ती ठरते, महाविद्यालयातील जागा ठरते आणि पुष्कळदा आयुष्याची दिशाही ठरते. आमच्या किनाऱ्यापासून हा प्रदेश फार दूर आहे हे खरे. पण त्याची व्यथा आम्हा गोमंतकीयांना परकी नाही, हे या लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानी येईल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९५६ पर्यंत सौसर-पांढुर्ण्याच्या माणसाची राजधानी नागपूर होती. मध्य प्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांताचे आणि स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाचे शासन नागपुरातूनच चाले. कचेरी नागपूरला, बाजार नागपूरला, १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ नागपूरला आणि १९४७ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालयही नागपूरला. या संस्था ज्या सार्वजनिक पैशातून उभ्या राहिल्या, त्यात छिंदवाडा जिल्ह्याच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने जिल्हा हाच सामान्यतः घटक धरण्याचे धोरण स्वीकारले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा भोपाळला राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला मराठी बोलणारे हे तालुके होते, ते जिल्ह्याबरोबर गेले. एका रात्रीत राजधानी बदलली. माणसांचे सोयरसंबंध, शेतातला संत्रा-कापूस आणि घरातली भाषा मात्र होती तेथेच राहिली.

आजही हे चित्र फारसे बदललेले नाही. पांढुर्ण्याहून नागपूरकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात नरखेडला, म्हणजे महाराष्ट्रात पोहोचते आणि पुढे काटोलवरून नागपुरी जाते. सौसर-लोधीखेड्याचा माणूस सावनेरवरून नागपूर गाठतो. भोपाळ त्याच्यासाठी कितीतरी दूर आहे. संत्र्याचा व्यापारी नागपूरचा, मोठा डॉक्टर नागपूरचा, मुलीचे सासर काटोलचे नाहीतर वरुडचे, आणि सुनेचे माहेर नरखेडचे. या सर्व व्यवहारांना सरहद्द माहीत नाही. सरहद्दीची आठवण होते ती मुलाला शाळा-महाविद्यालयात घालावयाची वेळ आली म्हणजेच.

आपल्याकडील एक साधी कौटुंबिक रीत विचारात घ्या. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा महाराष्ट्रापासून गोमंतकापर्यंत सर्वत्र रूढ असलेला संकेत आहे. पांढुर्ण्यात दिलेली नरखेडची लेक बाळंतपणाला माहेरी जाते. मूल जन्मते महाराष्ट्रात. जन्माची नोंद महाराष्ट्रातील नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत होते. तीन महिन्यांचे मूल घेऊन ती सासरी येते आणि त्या मुलाचे पुढील सारे आयुष्य मध्य प्रदेशात जाते. मध्य प्रदेशाचा 'मूल निवासी' दाखला मिळविण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे राज्यात झालेला जन्म. ती वाट या मुलाला बंद झाली. नियमांत दीर्घ वास्तव्य, पालकांची नोकरी अशा अन्य वाटा आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याचा बाप भूमिहीन मजूर आहे, हंगामात कामासाठी वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या तोडीला जातो, ज्याच्या नावावर घर नाही की विजेचे देयक नाही, त्याने दीर्घ वास्तव्य कशाने सिद्ध करावे? जमीनदाराच्या मुलाचा सात पिढ्यांचा अधिवास पटवाऱ्याच्या दप्तरात सुरक्षित असतो. मजुराचा अधिवास त्याच्या पायाला लागलेल्या मातीतच असतो, आणि ती माती कोणी साक्षांकित करीत नाही.

दुसरी गोष्ट आईची. मध्य प्रदेशात आता प्रत्येक कुटुंबाला 'समग्र' नावाचा आठ अंकी क्रमांक आणि कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला नऊ अंकी क्रमांक असतो. शाळेतील नोंद, शिष्यवृत्ती, गणवेशाचे पैसे सारे या क्रमांकाला बांधलेले. व्यवस्था म्हणून त्यात वाईट काही नाही. एकाच मुलाच्या नावे दोन ठिकाणी पैसे उचलण्याला त्याने आळा बसतो. पण महाराष्ट्रातून आलेल्या सुनेचे नाव या नोंदीत येण्यासाठी माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा कागद, आधारवरील पत्त्याचा बदल, विवाहाची नोंद अशी एकेक पायरी चढावी लागते. आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. एका कागदावर मराठी वळणाने लिहिलेले, दुसऱ्यावर हिंदी वळणाने. नावातील एका वेलांटीने मुलाचा अर्ज परत येतो. ज्यांनी कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे त्यांना, ही एक वेलांटी किती दिवसांची मजुरी खाते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्यात आता आणखी एक भर पडली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला. जिल्ह्याची कचेरी जवळ आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र जुन्या कागदांवर जिल्हा छिंदवाडा आणि नव्या कागदांवर जिल्हा पांढुर्णा अशी दुहेरी नोंद आता एका पिढीला वागवावी लागणार आहे. नेमक्या त्याच महिन्यात, १ ऑक्टोबर २०२३ पासून, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातील दुरुस्ती अमलात आली. त्या दिवसापासून जन्मलेल्या बालकांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला हाच एकमेव कागद मानला जाणार आहे. ही बालके २०२९-३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात येतील. जन्मस्थानाच्या कागदाचे वजन वाढत असताना माहेरी जन्मलेल्या मुलाचे काय, याचा विचार आजच व्हावयास हवा. ती मुले शाळेच्या दारात उभी राहतील त्या दिवशी नव्हे.

येथे कायदा काय म्हणतो हे स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण अज्ञानामुळे होणारा अन्याय हा पुष्कळदा कायद्याच्या नावावर खपविला जातो. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शेजारच्या शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा अधिकार आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, मग ती शाळा दुसऱ्या राज्यातील का असेना, तरी प्रवेश अडविता येत नाही. कामासाठी भटकणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. आधार क्रमांकावाचून शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितले. म्हणजे आठवीपर्यंत तरी 'आधी दाखला, मग वर्ग' हा क्रम बेकायदेशीर आहे. 'आधी वर्ग, मग दाखला' हाच कायद्याचा क्रम आहे. हे चार ओळींत शाळेच्या भिंतीवर, मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत का लिहिले जाऊ नये?

खरी अडचण सुरू होते ती आठवीनंतर, आणि ती तीव्र होते बारावीनंतर. तेथे कायद्याचे हे छत्र संपते व राज्याराज्यांचे स्वतंत्र नियम सुरू होतात. या नियमांची विसंगती पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. समजा, पांढुर्ण्याचा एक विद्यार्थी दहावीपर्यंत गावी शिकला आणि अकरावी-बारावीसाठी नागपूरला मामाकडे राहिला. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्रवेशात अर्ध्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि तेथे 'राज्य' ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाला त्यावरून. म्हणजे नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेच्या दृष्टीने हा मुलगा महाराष्ट्राचा झाला. तोच मुलगा महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेश मागावयास गेला तर तेथे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि शिवाय महाराष्ट्राचा अधिवास हवा. म्हणून तो परप्रांतीय ठरला. एकच मुलगा, एकच गुणपत्रिका. एका अर्जावर महाराष्ट्रीय आणि दुसऱ्या अर्जावर उपरा! महाराष्ट्राचा अधिवास मिळवावयाचा तर सामान्यतः पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि सतरा वर्षांच्या मुलाने ते कोठून आणावे?

फीच्या बाबतीतही हीच गत. महाराष्ट्राने २०२४ साली आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विशिष्ट प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. निर्णय स्तुत्य आहे, पण तो महाराष्ट्राच्या अधिवासी मुलींसाठी. मध्य प्रदेशानेही २०१७ पासून गुणवंत विद्यार्थ्यांची फी भरण्याची योजना चालविली आहे. राज्य मंडळाच्या बारावीत सत्तर टक्के वा केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत पंच्याऐंशी टक्के मिळविणाऱ्या मूल निवासी विद्यार्थ्यांसाठी ती आहे. आता सौसरची जी मुलगी महाराष्ट्र मंडळातून बारावी झाली, तिने कोणाच्या दारात उभे राहावे? दोन्ही घरची पाहुणी उपाशी राहते अशी म्हण आपल्याकडे आहे. या दोन राज्यांच्या उंबरठ्यांमध्ये नेमके तेच घडते.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले, हेही जाणून घेणे उद्बोधक आहे. योगायोग असा की या विषयावरील पहिला महत्त्वाचा निवाडा आजच्या मध्य प्रदेशाच्या भूमीतूनच गेला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात तत्कालीन मध्य भारत राज्यातील रहिवासी विद्यार्थ्यांना प्रवेशशुल्कातून सूट होती. बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून मात्र तेराशे ते पंधराशे रुपयांची जादा रक्कम घेतली जाई. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी १९५५ मध्ये न्यायालयाने बहुमताने निकाल दिला: संविधानाने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, पण वास्तव्य ही वेगळी गोष्ट आहे, आपल्या रहिवाशांना फीत सवलत देणे राज्याला मोकळे आहे. या निकालाने उघडलेल्या दारातून पुढे सर्व राज्यांचे अधिवासाचे नियम आत आले.

१९८४ साली प्रदीप जैन यांच्या खटल्यात न्यायालयाने याच प्रश्नाकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहिले. भारतीय नागरिकाला एकच अधिवास असतो आणि तो म्हणजे भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास ही कल्पनाच कायद्याला धरून नाही, असे न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालपत्रात प्रतिपादिले. तरीसुद्धा पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षणात मर्यादित प्रमाणात रहिवाशांना प्राधान्य देण्यास न्यायालयाने हरकत घेतली नाही. जानेवारी २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी एक पाऊल टाकले आणि पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील वास्तव्यावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरविले. भारताचा अधिवास एकच, हे तत्त्व पुन्हा एकदा उच्चारले गेले. तत्त्व थोर आहे यात शंका नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या दालनातून निघालेले तत्त्व पांढुर्ण्याच्या तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत पोहोचेतो ते फार क्षीण होते, हा आपला अनुभव आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. राज्य आपल्या करदात्यांच्या पैशातून महाविद्यालये चालविते. त्या पैशाचा लाभ प्रथम त्या राज्यातील मुलांना मिळावा, ही अपेक्षा अन्याय्य नाही. मागासलेल्या प्रदेशात उघडलेल्या महाविद्यालयाच्या जागा जर मोठ्या शहरांतील खाजगी शिकवण्यांत तयार झालेल्या मुलांनीच भरल्या, तर त्या प्रदेशाला डॉक्टर कोठून मिळणार? छिंदवाड्यात २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते त्या डोंगराळ, आदिवासीबहुल भागाची गरज म्हणून. शिवाय दोन-दोन राज्यांचे दाखले काढून दोन्हीकडे हक्क सांगणारे महाभाग असतात आणि त्यांच्यामुळे खऱ्या रहिवाशाची जागा जाते, हेही खोटे नाही. अधिवासाची अटच नको, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, अट आणि अट सिद्ध करण्याची रीत या दोन भिन्न गोष्टी आहेत. अट न्याय्य असूनही ती सिद्ध करण्याची रीत अन्यायाची असू शकते. लबाडाला दोन दाखले मिळतात आणि गरिबाला एकही मिळत नाही, हे ज्या रीतीत घडते ती रीत लबाडाला अडवीत नाही, गरिबालाच अडविते.

हा भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच ओळखला होता. कनेक्टिकट राज्याच्या विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा फी घेत. प्रवेशअर्ज करताना ज्याचा पत्ता दुसऱ्या राज्यातला, तो संपूर्ण शिक्षणकाळ परकाच समजावा, असा तेथील नियम होता. कनेक्टिकटच्या रहिवाशाशी विवाह करून तेथे कायमची राहावयास आलेल्या एका विद्यार्थिनीलाही हा नियम लावण्यात आला. न्यायालयाने सांगितले की, परक्याकडून जादा फी घेण्याचा राज्याचा अधिकार मान्य. परंतु 'मी आता येथलीच आहे' हे सिद्ध करण्याची संधीच न देणे मान्य नाही. सासरी आलेल्या नरखेडच्या लेकीची आणि त्या विद्यार्थिनीची कहाणी किती सारखी आहे! त्याच देशात मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या शेजारी राज्यांनी अनेक दशकांपूर्वी परस्परांत करार केला. एका राज्याचा विद्यार्थी दुसऱ्या राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात गेला तरी त्याला परक्याची चढी फी पडत नाही. दोन्ही राज्ये आपापल्या जागी सार्वभौमत्वाचा अभिमान बाळगतात, आणि तरी शेजारधर्म पाळतात.

मग महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांना हे का जमू नये? महाराष्ट्रापुढे तर स्वतःचेच उदाहरण आहे. कर्नाटक सीमेवरील वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने व्यावसायिक प्रवेशांत वेगळी वाट ठेवली आहे. ते विद्यार्थी कर्नाटकात शिकले तरी महाराष्ट्र त्यांना आपले मानतो. बेळगाव-निपाणीचा लढा प्रखर होता, तो आजही सर्वोच्च न्यायालयात उभा आहे, म्हणून ही वाट निघाली. सौसर-पांढुर्ण्याच्या माणसांनी असा लढा दिला नाही. ती निमूटपणे भोपाळच्या राज्यात नांदली, हिंदीतून शिकली, हिंदीतून अर्ज लिहू लागली. त्यांच्या या समंजसपणाची शिक्षा त्यांच्या मुलांना व्हावी काय? जेथे वाद आहे तेथे सवलत आणि जेथे सलोखा आहे तेथे विस्मरण, हा न्याय म्हणता येणार नाही.

येथे गैरसमज नको म्हणून स्पष्ट सांगतो. राज्यांच्या सीमा पुन्हा आखाव्यात, अशी आमची मागणी नाही. सत्तर वर्षांत तेथील समाज एका राज्याच्या जीवनात रुजला आहे आणि त्याला उपटण्याचा अधिकार कोणाला नाही. सीमा नकाशावर असावी. ती मुलाच्या दप्तरात असू नये, इतकेच आमचे मागणे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ज्या दिवशी सौसरची राजधानी बदलली त्याच दिवशी, संविधानात ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी, असे ते सांगते. पुनर्रचनेच्या शिल्पकारांना हे ठाऊक होते की रेषा कितीही जपून आखली तरी काही माणसे चुकीच्या बाजूला राहणारच. त्या माणसांना दिलेले ते वचन होते. वचन देणारे गेले. वचन राहिले आहे.

उपाय दुःसाध्य नाहीत. पहिला, दोन्ही राज्यांनी सीमेलगतच्या तालुक्यांपुरता परस्पर करार करावा आणि तेथील विद्यार्थ्याला शेजारच्या राज्यातील शासकीय महाविद्यालयांत ठराविक जागांवर स्थानिक विद्यार्थ्याच्याच फीने प्रवेश द्यावा. दुसरा, मूल निवासी दाखल्यासाठी आईचे वास्तव्य व विवाह हा स्वतंत्र आणि पुरेसा आधार मानावा, आणि माहेरी झालेल्या जन्मामुळे मुलाचा हक्क जात नाही हे नियमात शब्दांकित करावे. तिसरा, शाळेतील सलग हजेरीची नोंद हाच वास्तव्याचा पुरावा समजावा. जे मूल पहिलीपासून दहावीपर्यंत पांढुर्ण्याच्या शाळेच्या पटावर होते, ते पांढुर्ण्याचे नव्हे असे कोण म्हणू शकेल? चौथा, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे. लोकसेवा वेळेत देण्याची हमी देणारा कायदा मध्य प्रदेशानेच देशात प्रथम, २०१० साली केला. त्यात अपिलाची सोय आहे आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही आहे. तो कायदा कपाटातून काढून खिडकीवर आणावा. राहता राहिला प्रश्न पुढाकार कोणी घ्यावा याचा. राज्य पुनर्रचना कायद्याने क्षेत्रीय परिषदा निर्मिल्या त्या नेमक्या सीमाप्रश्न व भाषिक अल्पसंख्याक अशा विषयांसाठी. मध्य प्रदेश मध्य क्षेत्रात आणि महाराष्ट्र पश्चिम क्षेत्रात, म्हणून हा प्रश्न दोन परिषदांच्या मधल्या फटीत पडला आहे. पश्चिम क्षेत्रीय परिषदेत आपला गोवाही बसतो. तेथे आपल्या प्रतिनिधीने हा विषय काढला तर त्यात अप्रस्तुत असे काहीच नाही.

आणि हे लिहीत असता आमची नजर आपल्या घराकडेही वळते. पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत हेलपाटे घालणे आपल्याला नवे नाही. सावंतवाडीच्या आजोळी जन्मलेली पेडण्याची मुले, बेळगावात जन्मलेली सत्तरीची मुले आपल्याही गावागावांत आहेत. बायणा आणि झुआरीनगरच्या वस्त्यांत जन्मून वाढलेली, आपल्या मुलांबरोबर चवथीच्या आरत्या म्हणणारी श्रमिकांची मुले आहेत. त्यांच्या बापाच्या भाड्याच्या खोलीची पावती कोणी देत नाही. छोट्या राज्याला आपले अस्तित्व जपावे लागते आणि म्हणून काही कसोटी हवी, हे आम्ही जाणतो. पण एके काळी गोमंतकाची मुलेही काठ ओलांडणारी होती. पोर्तुगीज लिसेवची वाट ज्यांना नको होती त्यांनी मॅट्रिकसाठी सरहद्दीपलीकडे पाहिले. मुक्तीनंतरही १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होती. त्या दिवसांत पुणे, मुंबई, बेळगाव, धारवाड येथील दारे आपल्याला उघडली नसती, तर आजचा सुशिक्षित गोमंतक कोठे असता?

एक आठवण सांगून हा लेख संपवितो. जानेवारी १९५५ मध्ये मध्य भारत राज्याचा 'रहिवासी' कोण, यावर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्याच मध्य भारतातील उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गोव्याच्या सरहद्दीवर तिरंगा घेऊन आले आणि पोर्तुगीज गोळीला बळी पडले. त्याच सत्याग्रहात सागरच्या सहोद्राबाई राय ध्वज हाती धरून पुढे झाल्या आणि जखमी झाल्या. सागर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होते, ज्या राज्यात सौसर आणि पांढुर्णाही होते. त्या माणसांना गोव्याच्या सीमेवर कोणी अधिवासाचा दाखला विचारला नाही. त्यांनीही गोवा आपला की परका असा प्रश्न केला नाही. ज्यांनी आपल्यासाठी सीमा ओलांडली त्यांच्या भूमीतील मुले आज एका दाखल्यासाठी दोन काठांच्या मध्ये उभी आहेत. त्यांच्या बाजूने चार शब्द बोलणे हा आपला उपकार ठरणार नाही. ती आपल्याकडून व्हावयाची परतफेड आहे, आणि ती पुष्कळ दिवसांपासून थकली आहे.